लाल टपरीची कॉफी, निळ्या टपरीचे बन

युंगहेड,
ऑगस्टचा तिसरा रविवार, सकाळ

चिरंजीव पोंतुस यास गुनवोर मावशीचे आशीर्वाद, आणि पक्षाची जुनी सभासद या नात्याने सविनय नमस्कारही. दोन्हींपैकी जे आज तुझ्या हुद्द्याला शोभेल ते घे.

तुझा घसा कसा आहे? मंगळवारी रेडिओवर तू करांबद्दल बोलत होतास तेव्हा मधेच आवाज चिरकला. आधी मला वाटलं भावना दाटून आली, पण करांबद्दल कुणाला एवढी भावना दाटून येत नाही, म्हणून मी मायकेनला फोन केला. ती म्हणाली, "अगं ताई, तो दिवसाला चार सभा घेतो आणि पाणी प्यायचं विसरतो." तुझी आई तुझ्याबद्दल तक्रार करते तेव्हा तिला किती अभिमान वाटतो आहे ते फोनवरूनही कळतं. मलाही वाटतो. पक्षाच्या उमेदवारांच्या यादीत दुसरा क्रमांक म्हणजे संसदेत जवळजवळ गेल्यासारखंच. वर्तमानपत्रातला तुझा फोटो मी कापून फ्रिजवर लावला आहे (टाय न लावता काढलेला. तेहतिसाव्या वर्षी ठीक आहे, चाळिशीनंतर लावत जा). माझं म्हणशील तर गुडघा बरा आहे, बटाटे निघाले, सफरचंदं यंदा उदंड आहेत. माझ्या होल्गरला जाऊन दीड वर्ष होत आलं. त्याबद्दल नवीन काही नाही. आहे ते तसंच आहे आणि मी त्याच्यासोबत राहायला शिकले आहे, जसं लोक उताराच्या घरात राहायला शिकतात.

तुझ्या कचेरीचं पत्र पोचलं. "प्रिय गुनवोर" अशी सुरुवात आहे. मी तुझी दुपटी बदलली आहेत, पोंतुस. त्या दिवसांत तू मला नुसत्या नावाने हाक मारली नाहीस, कारण तुला बोलता येत नव्हतं. आता येतं तर "मावशी" म्हण. पत्र यंत्राने लिहिलं असेल तर यंत्राला सांग. असो. पत्रात लिहिलं आहे की यंदाच्या निवडणुकीला चौकात आपल्या प्रचाराची निळी टपरी लागणार नाही. ती "कालबाह्य" आहे. त्याऐवजी आम्ही कार्यकर्त्यांनी महामार्गाजवळच्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये टॅबलेट घेऊन उभं राहायचं आहे. त्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. तू मोठा झाला आहेस, राजधानीत राहतोस, तिथे शिकलेली माणसं तुझ्याभोवती आहेत. मी सातवी पास. पुढचं शिक्षण शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना आणि सार्वजनिक वाचनालयात झालं, पहिल्या कपाटापासून क्रमाने. सध्या अकराव्या कपाटात आहे. एवढ्या वाचनातून मला राजकारणाचं जे समजलं ते तुला चार गोष्टींत सांगते, आणि टपरीबद्दल बोलणार नाही.

पहिली गोष्ट धुण्याच्या खोलीची. जूनमध्ये तुझ्या कचेरीतल्या त्या उत्साही फेलिसियाने आमच्या इमारतीत तुझं पत्रक लावलं. जिन्यात लावायचं, दारावर लावायचं, तर तिने ते तळघरातल्या सगळ्यांच्या धुण्याच्या खोलीत, पाळ्यांच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर लावलं. तुझ्या हसऱ्या चेहऱ्याखाली गुरुवार आणि शुक्रवार झाकले गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या डागनीची गुरुवारची दहा ते एक ही वेळ मी इथे राहायला आले त्याच्याही आधीपासूनची आहे. तुझी हनुवटी तिच्या नावावर होती, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला वाटलं गुरुवार मोकळा आहे. ते पडदे घेऊन आले. डागनी चादरी घेऊन आली. कुणी आवाज चढवला नाही (इथे कुणी चढवत नाही), पण संध्याकाळपर्यंत फळ्यावर तीन चिठ्ठ्या लागल्या होत्या, एकीपेक्षा एक सभ्य. शेवटची म्हणत होती: "ज्या पक्षाला दुसऱ्याची वेळ पाळता येत नाही, त्याने देश चालवू नये. साभार." आमच्या जिन्यात अकरा मतं आहेत. होती, म्हणते. मी डागनीकडे बन घेऊन गेले, तर तिने दार साखळीएवढं उघडलं आणि विचारलं, "तुझा भाचा ना तो? शुक्रवारवर पण बसलाय."

दुसरी गोष्ट खाण्याची. मे महिन्यात तू इथे आलास तेव्हा मी वेलदोड्याचे बन केले होते. तू म्हणालास, "नको मावशी, मी मैदा आणि साखर सोडली आहे." माझ्यासमोर चालेल. पण रूबेनसमोर म्हणालास. रूबेन निवृत्त पोस्टमन आहे, होल्गरचा मित्र, आणि आता होल्गरच्या जागी विरोधी पक्षाच्या लाल टपरीचा प्रमुख. या गावातली प्रत्येक पत्रपेटी त्याला ओळखते. आठवड्याभरात सगळ्या युंगहेडला कळलं की निळ्यांचा उमेदवार बन खात नाही. बन न खाणारा माणूस पेन्शन कापणार असं लोकांना आपोआप वाटतं. यात तर्क नाही हे मला माहीत आहे, पण मतपेटीत तर्क फारसा जात नाही. तेव्हा खात जा. अर्धा खा, उरलेला खिशात घाल, पण खा.

आता तिसरी, पार्किंगची, सांगते, कारण पत्र आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तू तिथे फक्त अकरा मिनिटं होतास आणि खरं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी नऊपासून निळं जाकीट घालून टॅबलेट धरून उभी होते. पहिला माणूस म्हणाला, "नको, आमच्याकडे इंटरनेट आहे." दुसरी बाई म्हणाली, "आमच्याकडेही." तिसऱ्याने माझं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की पहिले तीन महिने फुकट आहेत का. मग आम्ही तिघं कार्यकर्ते वाऱ्याच्या आडोशाला एकामागे एक उभे राहिलो, कारण खुर्च्या नव्हत्या (टपरीत दोन असतात, पण टपरीबद्दल मी बोलणार नाही). तुला आपली माणसं माहीत आहेत. तीन जण ओळीत दिसले की चौथा त्यांच्या मागे उभा राहतो आणि रांग कशाची ते विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. दहा मिनिटांत आमच्यामागे सहा जण होते, अगदी शिस्तीत, एकमेकांत हातभर अंतर ठेवून. तेवढ्यात तू गाडीतून उतरलास, त्या सहा जणांशी हात मिळवलेस, फेलिसियाने फोटो काढला, आणि तू गेलास. तू गेल्यावर पहिल्याने मला हळूच विचारलं, "बाई, झिंगे आहेत ना अजून?" त्याला वाटलं होतं मोसमाचे उकडलेले झिंगे स्वस्त लावलेत. झिंगे नाहीत, उमेदवार होता, म्हटल्यावर त्याचा चेहरा असा पडला की मला स्वतःचीच लाज वाटली. वीस मिनिटं उभा होता बिचारा. तो फोटो तू इंटरनेटवर "युंगहेडमधले आपले खंदे पाठीराखे" म्हणून टाकला आहेस. त्यांतले चार लाल आहेत, एक हिरवा आहे, आणि उंच माणूस नॉर्वेचा आहे, खरेदीला आला होता. त्याला इथे मतच नाही.

चौथी गोष्ट ही की आपण स्वतःला परंपरावादी म्हणवतो. मी होल्गरशी चव्वेचाळीस वर्षं याच शब्दावरून भांडले. तो म्हणायचा, "तुमचा पक्ष जपतो काय तर आपापल्या तिजोऱ्या." मी म्हणायचे, जे चाललं आहे आणि बरं चाललं आहे, त्याला उगाच हात लावू नये एवढंच आमचं म्हणणं. आता तूच सांग, मी काय तोंडाने त्याच्याशी भांडू? (भांडते अजून, स्वयंपाक करताना. पूर्वीपेक्षा आता मी जास्त वेळा जिंकते, आणि त्यात मजा नाही.) आपल्या पक्षाने या गावात काही जपलं असेल तर ती एक टपरी.

म्हणजे शेवटी आलंच टपरीवर. येऊ दे.

तुला आणि तुझ्या कचेरीला एक गोष्ट ठाऊक नाही, कारण आम्ही ती अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितली नाही. चौकात विजेची जोडणी एकाच खांबावर आहे आणि तिची वायर फक्त लाल टपरीपर्यंत पोचते. म्हणून पहिल्याच निवडणुकीत मी आणि होल्गरने घरी, जेवणाच्या टेबलावर, ठरवून टाकलं: कॉफी फक्त लाल टपरीत मिळेल आणि बन फक्त निळ्या टपरीत. ज्याला दोन्ही हवं त्याने दोन्हीकडे जायचं. कॉफी घेताना होल्गरचं ऐकायचं, बन घेताना माझं. सात निवडणुका या गावात कुणी एकाच बाजूचं ऐकून घरी गेलं नाही. दोन्ही पक्षांच्या वरिष्ठांना कळलं असतं तर त्यांनी आम्हा दोघांनाही काढून टाकलं असतं. तू आता मला पार्किंगमध्येच पाठवत राहिलास तर तिकडे रूबेनची कॉफी कोरडी आणि इकडे माझे बन कोरडे.

माझी कॉफी होल्गर स्वतः आणून द्यायचा. दोन टपऱ्यांमध्ये चार पावलं. कप घेऊन यायचा, वाकायचा आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं विचारायचा, "भांडवलदारीणबाई, दूध घालू का?" मी दूध घेत नाही हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं. संध्याकाळी ताटात एक बन उरलेला असायचा, शेवटचा, आणि तो उचलायला अर्थातच कुणाचा हात धजत नसे. मग होल्गर यायचा, "संपत्तीचं फेरवाटप" असं म्हणायचा आणि खाऊन टाकायचा.

घरात त्याची खुर्ची रिकामी बघायची मला सवय झाली आहे. वाचनालयातलीही बघून झाली, तलावाकाठचा बाकही. चौकातली राहिली आहे, कारण ती चार वर्षांतून एकदाच मांडतात. ती मला एकदा बघू दे, आणि ती पार्किंगमधून दिसत नाही. बाकी मी समाधानी बाई आहे. मला संसदेकडून काही नको.

राजधानीतल्या वाऱ्यात गळ्याला मफलर लाव, मायकेनला रविवारी फोन कर, आणि निवडून ये. तुझ्यासारखी वक्तशीर, खोटं न बोलणारी (फोटो सोडून) मुलं संसदेत हवीत, हे मी मनापासून लिहिते.

तुझी,
गुनवोर मावशी

ता. क. परवानगी मागते आहे असं वाटेल म्हणून सांगते, टपरी गुरुवारीच उभी राहिली. चौकातल्या जागेचा अर्ज मार्चमध्ये करावा लागतो. तुमची कचेरी "कालबाह्य" हा शब्द शोधत होती तेव्हा मी तो माझ्या नावाने करून ठेवला. फळ्या रूबेनने आणि त्याच्या मेव्हण्याने वाहून आणल्या. रूबेन म्हणाला, "वहिनी, शत्रूची टपरी ठोकायची माझी ही पहिलीच वेळ, पण तुमच्या बनांशिवाय माझ्या कॉफीला कोण येणार?" खरं आहे, त्याची कॉफी भयंकर असते. निळा रंग तीनच बाजूंना पुरला, म्हणून मागची भिंत लाल आहे. फोटो समोरून काढायला सांग.

ता. क. २. पत्राच्या शेवटी चौकट आहे: "आम्ही तुमचं मत धरून चालू का?" मी आणि होल्गर दर वेळी हातात हात घालून मतदानाला जायचो आणि एकमेकांचं मत फुकट घालवून यायचो. यंदा माझं फुकट घालवायला कुणी नाही, आणि ते मला एकटीला फार जड वाटतं. म्हणून त्या दिवशीच्या तिन्ही मतांचं असं ठरवलं आहे. संसदेची पिवळी चिठ्ठी तुझी. नगरपालिकेची पांढरी होल्गरच्या पक्षाची, कारण वाचनालय त्यांनी वाचवलं आणि तो स्वतः आता जाऊ शकत नाही. प्रांताच्या निळ्या चिठ्ठीचं अजून ठरलं नाही. टपरी जागेवर राहते की नाही त्यावर ते ठरेल.

ता. क. ३. पुढच्या शनिवारी दहा वाजता चौकात ये. आधी लाल टपरीत जा. रूबेनकडून एक कप घे, कॉफी चांगली आहे म्हण. (वर्तमानपत्रवाला लाल टपरीत तुझा फोटो काढेल. काढू दे, त्याने चार मतं जातील आणि चाळीस येतील.) मग कप घेऊन चार पावलं चालत माझ्याकडे ये, थोडा वाक आणि मोठ्याने विचार, "भांडवलदारीणबाई, दूध घालू का?" रूबेनला मी सांगून पाहिलं, त्याला जमत नाही, त्याचा आवाज चिरकतो. तुझा घसा तोपर्यंत बरा होईल. मी "नको" म्हणेन. तेवढं झालं की तू जाऊ शकतोस. तुझा पुढचा कार्यक्रम सव्वादहाला आहे, फेलिसियाला विचारून घेतलं आहे.