भाताचा मानकरी

अकांबारो,
१७ नोव्हेंबर २०११, गुरुवार

प्रिय नेरेइदा,

आधी आम्पारोच्या दोन्ही गालांवर तिच्या आबांच्या नावाचा एकेक पापा दे आणि मग कॉफी घेऊन बस, कारण पत्र लांब होणार आहे. फोनवर तू "हं, हं" करतेस, मी हवापाण्याचं बोलतो आणि दोघंही फोन ठेवून देतो. गेले पंधरा दिवस तर तोही वाजलेला नाही. म्हणून आम्पारोच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून घेतली आहेत. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

इकडे सगळं ठीक. गुडघा रोजच्यासारखा कुरकुरतो. गॅरेजला काम भरपूर. काल साल्वातिएर्राहून एकजण तीन गॅरेजं पालथी घालून ट्रक घेऊन आला. मी त्याला बॉनेट उघडूही दिलं नाही. म्हटलं, "चालू कर आणि गप्प बस." अर्ध्या मिनिटात सांगितलं, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. तो म्हणाला, "म्हातारबा, काय कान आहेत हो!" मी म्हटलं, "दोनच आहेत, पण स्वतःच्या कमाईचे." बढाई मारतोय असं म्हणशील. मारतोच आहे. पुढे जे लिहायचंय त्यात बढाईला जागा नाही, म्हणून इथेच उरकून घेतली.

भाताचं विचारायचं होतं.

गेले दोन रविवार तुझ्या सासूच्या, देल्फिनाच्या वहीतून लाल भात करतोय. पहिल्या रविवारी खालून लागला आणि वरून कच्चा. दुसऱ्या रविवारी सगळा एक गोळा. लिब्रादाला जेवायला बोलावलं होतं. माझ्या लेकाची, आपल्या बेतोची ती धर्ममाता, तिला मी उलटून बोलू शकत नाही हे तिला पक्कं माहीत आहे. तिने भातात चमचा रोवला. तो उभाच राहिला. "चेंचो," ती म्हणाली, "मागच्या भिंतीचा गिलावा पडलाय ना तुमच्या? हा गरम आहे तोवर लावून घ्या."

चूक काय झाली ते मला ठाऊक आहे. मी झाकण उघडतो. आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय राहवत नाही, आणि बघितलं की ढवळावंसं वाटतं. तू असतीस तर हातावर फटका दिला असतास. "मामंजी, हात मागे. त्याला शिजू द्या की सुखाने!"

वहीत तर मापं नाहीतच. तांदूळ गरम पाण्यात भिजव, पाणी नितळ येईपर्यंत धू, रोवळीत निथळत ठेव, भरपूर तेलात परत, आणि तो बोलायला लागला की वाटलेला टोमॅटो, कांदा, लसूण घाल. बोलायला लागला की! देल्फिनाला तिच्या आईने असंच सांगितलं होतं, आणि त्या आईला तिच्या आईने. बायकांच्या तीन पिढ्यांना ते कळलं. मी इंजिनांचं सगळं ऐकणारा माणूस, पण पंचावन्न वर्षांचा होईपर्यंत भात बोलतो हे मला माहीत नव्हतं. ते तू शिकवलंस.

ते कसं शिकवलंस हे मी कधी बोललो नाही. आज लिहितो.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्या ट्रेलरखाली आपला बेतो गेला आणि मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. गॅरेजला गेलो नाही, जेवलो नाही, कुणी बोललं तर उत्तर दिलं नाही. तू बत्तीस वर्षांची, पदरात पाच वर्षांची पोर. रडायचा हक्क तुझा जास्त होता. पण दोघांनी रडून घर चालत नाही, असं तुझ्या मनाने घेतलं असणार. एके दुपारी तू स्वयंपाकघरातून हाक मारलीस, "मामंजी, जरा येता का? तांदूळ परतायला घेतलाय, आवाजाचं मला नीट कळत नाही. तुमचे कान चांगले आहेत."

मी आलो. तू म्हणालीस, डोळे मिटा. मी मिटले. आधी तो ओला ओला कुजबुजत होता. मग लाकडी चमच्याला जड लागेनासा झाला. मग पत्र्यावर जाडी वाळू सांडावी तसा वाजायला लागला, कोरडा, मोकळा. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आता!" आणि तू टोमॅटो ओतलास. चर्रर्र झालं, वाफ तोंडावर आली, आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

त्यानंतर दर रविवारी मी डोळे मिटून "आता" म्हणायचो आणि तू ओतायचीस. तू केरेतारोला नोकरीला जाईपर्यंत, दोन वर्षं.

तू खोटं बोलली होतीस हे मला फार उशिरा कळलं. देल्फिनाने ती वही मरण्याआधी तुझ्या हातात दिली ती उगीच नाही. तुला आवाजाचं न कळायला काय झालं होतं? तू मला खुर्चीतून उठवलंस, आणि वर मलाच उपयोगी पडल्याचं समाधान दिलंस. असं फसवायला मोठं मन लागतं, पोरी.

आता पंधरा दिवसांपूर्वीच्या मृतांच्या दिवसाचं.

तू आणि आम्पारो आलात. घरातल्या वेदीवर झेंडूची फुलं, मेणबत्त्या, देल्फिनाचा आणि बेतोचा फोटो, सगळं तुम्ही दोघींनी मांडलंत. बेतोच्या आवडीचा भात करायची वेळ झाली तेव्हा तू वही माझ्यापुढे सरकवलीस. "आज सगळं तुम्ही करा, मामंजी. मी हात लावणार नाही." मला वाटलं, शिकवतेयस. आज कळतंय की निरोप घेत होतीस, मी एकटा उपाशी राहायला नको म्हणून.

भात झाकून ठेवला आणि तू घड्याळात बघून म्हणालीस, वीस मिनिटं कुणी जवळ जायचं नाही. मी म्हटलं, कोथिंबीर संपलीय, घेऊन येतो. कोथिंबीर भरपूर होती.

मी बाहेर पडलो त्याचं कारण कान. तुम्ही आलात तेव्हा तू म्हणालीस की बसने आलो. पण दार उघडायच्या आधी कोपऱ्यावर एक गाडी थांबल्याचं मी ऐकलं होतं. चारपैकी एक सिलिंडर मारत नव्हता. आणि तो लंगडा आवाज मी आधीही ऐकला होता, तुझ्या फोनमध्ये, मागून, उन्हाळ्यापासून. एकदा पुरुषाचा खोकलाही ऐकला. मी विचारलं, "कोण आहे गं?" तू म्हणालीस, "टीव्ही." मी म्हटलं, "बरं."

तर कोपऱ्यावर ती गाडी होती. आत चाळिशीचा माणूस, चष्मा, मांडीवर पेपर, हातात अर्धवट खाल्लेला पाव. मला बघून तो घाईने उतरला, पाव कुठे ठेवावा हे त्याला कळेना. "क्रेसेन्सियोजी, नमस्कार. मी एफ्राइन." मी बॉनेटकडे बघत राहिलो. तोच म्हणाला, "मी इथेच बरा आहे. आज तिला तुम्हाला काही सांगायचंय. आधी तिला बोलू द्या, मग तुम्ही म्हणाल तर येईन, नाहीतर नाही."

शहाणा माणूस. आणि मी त्याला काय म्हटलं? "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय. बदला." एवढंच. पाठ फिरवून घरी आलो. त्याने तुला हे सांगितलं की नाही मला माहीत नाही. नसेल सांगितलं तर तो माझ्यापेक्षा बरा आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला काय माहीत होतं ते तुला माहीत नाही. झाकण काढलं तर भात असा मोकळा, दाणा न् दाणा वेगळा, वर हिरवे वाटाणे. लिब्रादाने चाखला आणि आपल्याकडे ज्याचा भात जमला त्याला जे म्हणतात तेच ती म्हणाली, "वा! चेंचो, आता तुमच्यासाठी स्थळं बघायला हरकत नाही!" आम्पारो खो खो हसली. "आबांचं लग्न! मी करवली!" तूही हसलीस, आणि हसता हसता श्वास घेतलास. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. मी तो ऐकला. तू आता सांगणार हे मला कळलं, आणि तू तोंड उघडायच्या आत मी वेदीकडे बोट दाखवून म्हटलं, "स्थळं बघायची तर फक्त माझ्यासाठीच. या घरात नेरेइदाचं लग्न झालेलं आहे. तिचा नवरा तो काय, समोर बसलाय."

हे माझ्या तोंडून चुकून गेलं असं लिब्रादाला मी सांगितलं. तुझा फोन आला असता तर तुलाही तेच सांगणार होतो. पण चुकून गेलं नाही. मी ते दारापासून टेबलापर्यंत जुळवत आणलं होतं.

आम्पारोला वाढलंस, स्वतः चार घास खाल्लेस, सगळ्यांची ताटं धुतलीस. मग वही पर्समध्ये न टाकता टेबलावर ठेवलीस. "ही तुमच्या घरची आहे, मामंजी." आणि गेलीस. मी खिडकीशी उभा राहून ती गाडी तीन सिलिंडरवर जाताना ऐकली.

परवा मंगळवारी लिब्रादा आली ती बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "आम्पारोशी बोलले मी. चौदा जानेवारीला लग्न आहे. नोंदणी कचेरीत. दोन साक्षीदार, नंतर कोपऱ्यावर भरल्या पावाचा एकेक तोर्ता खाऊन घरी. चर्च नाही, जेवण नाही, पाहुणे नाहीत. पोरीने विचारलं, आबांना सांगायचं का? तर आई म्हणे, नको, त्यांना त्रास होईल."

मी म्हटलं, "बेतोला जाऊन चारच वर्षं झालीत."

"बेतोला आपण पुरलं," लिब्रादा म्हणाली, "मीही माती टाकली. हिला कशाला पुरताय, चेंचो? ही तर जिवंत आहे."

एवढं बोलून ती गेली. तिच्या तोंडाला मी आयुष्यभर घाबरत आलो, पण इतकं खरं ती पहिल्यांदाच बोलली.

मला त्रास होईल म्हणून स्वतःच्या लग्नाचं जेवण रद्द करायचं, आणि ते कुणासाठी, तर ज्याने तुझं तोंड बंद केलं त्याच्यासाठी! नेरेइदा, मला भीती बेतोला विसरण्याची नव्हती. तो विसरला जाणार नाही, आम्पारो अगदी त्याच्यासारखी भुवई उचलते. मला भीती माझ्यापुरती होती. मुलगा गेला, बायको गेली. तू लग्न केलंस की मी तुझा सासरा राहणार नाही. आम्पारोचा आजोबा राहीन, पण तुझा कोण? एखाद्या रविवारी तुझ्या दारात आलो तर एफ्राइनच्या माणसांना तू काय सांगणार, हे कोण म्हणून? एवढ्या एका भीतीपायी मी साठीला आलेला माणूस लहान मुलासारखा वागलो. त्याची माफी मागतो. एफ्राइनची समोर उभा राहून मागेन, त्याची परवानगी असेल तर.

वही या पत्रासोबत पाठवतोय. ती आमच्या घरची नाही. देल्फिनाने दिली ती तुला, तुझ्या लग्नाला नव्हे. पुढे आम्पारोला दे.

आता मागणं. तुला कचेरीत सही करून तोर्ताच खायचा असेल तर माझी हरकत नाही, तो तुमचा दिवस आहे. पण मनात खरंखुरं लग्न असेल, चर्चमधलं, जेवणावळीचं, आणि ते केवळ माझ्यामुळे अडलं असेल, तर ते कर. लग्न म्हटलं की आपल्याकडे एकेक गोष्ट अंगावर घेणारे मानकरी आलेच. अंगठ्यांचा मानकरी, केकचा मानकरी, वाजंत्र्यांचा मानकरी. लिब्रादाच्या भाचीच्या लग्नात तर फुग्यांचासुद्धा मानकरी होता, आणि तो अध्यक्षासारखा छाती काढून फिरत होता. मला भाताचा मानकरी कर. मोळेच्या रश्श्याआधी पानात पडतो तो लाल भात माझ्याकडे. चाळीस माणसांचा मला एकट्याला जमणार नाही, ते मी कबूल करतो. लिब्रादा तांदूळ धुवायला तयार आहे. मी विचारायच्या आधीच तिने बाह्या वर केल्या. शेजारच्या रामोना मोठी मातीची भांडी देतायत. दोन महिने आहेत, दर रविवारी सराव करीन. झाकणाला हात लावणार नाही.

मानकऱ्याचं नातं कुणाच्या जाण्यायेण्यावर नसतं हे तू जाणतेस. लग्नात उभा राहिला की तो जन्माचा, नवऱ्याचाही आणि बायकोचाही. मग दारात मी आलो तर एफ्राइनच्या आईला सांगायला तुझ्याकडे शब्द असेल.

नाही म्हणालीस तरी चालेल. एका ओळीत कळव. तू त्या दुपारी मला स्वयंपाकघरात हाक मारलीस, त्या हाकेवर मी अजून जगतोय, आणि तेवढं मला पुष्कळ आहे.

एफ्राइनला माझा नमस्कार सांग. खरा.

आम्पारोचा आबा,
आणि तुझा, तू म्हणशील तो,
क्रेसेन्सियो