पाडव्याचा मोकळा दिवस

बा, तुझ्याशी भांडायचं राहून गेलं होतं. ते आज करतो.

पोरीकडे अमेरिकेत आलो आहे. तिच्या शहरात मोठी नदी, काठाने बगीचे आणि त्यांच्या वरच्या अंगाला गुलामांच्या सुटकेचं संग्रहालय. पलीकडच्या काठावर माणसं विकली जायची, अलीकडे आलं की सुटका. तीही पुरती नाही, धरून न्यायला माणसं मागोमाग यायची. अमरावतीत मोटारींचं वाइंडिंग करता करता शिकलेलं माझं इंग्रजी, पण एक पाटी सोडली नाही. आत एक लाकडी कोठी आहे, खरीखुरी. विकण्याआधी माणसं तिच्यात कोंडायचे. तिच्या तुळईला लोखंडी कडी. ती पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मालकाच्या गोठ्यात तू बैल बांधायचास, अगदी तसलीच.

तुला तर कोणी बांधलं नव्हतं, बा. राग त्याचाच आहे. तू सालदार. पाडव्याला साल संपायचं, नवं दुसऱ्या दिवशी ठरायचं. तेवढा एक दिवस तू कोणाचाच नोकर नव्हतास. नदी ओलांडून बाळापूरचा किल्ला दाखवतो, हे तूच कबूल केलेलं. मी धुतलेला सदरा घालून दारात बसलोय, आणि तू पहाटेच मालकाच्या गोठ्यात. शोधत आलो, ओट्याच्या कडेला टेकलो, म्हटलं, "बा, आज तं तू मोकया हायेस ना?"

शेण भरता भरता तू म्हणालास, "मी मोकया हावो. बैल मोकये हायेत का? त्याईले पानी कोन दाखवन?"

तेवढ्यात मालक एका पाहुण्याला घेऊन चहा प्यायला ओट्यावर आले. तू माझ्यावर खेकसलास, "ऊठ." मालक पाहुण्याला सांगत होते की हा आमच्या घरचाच माणूस आहे. आणि तू हसलास. घरच्या माणसाची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात ठेवतात का रे? किल्ला मग मी एकट्यानेच पाहिला, मोठा झाल्यावर.

संग्रहालयातून खाली नदीकाठी आलो. तिथे झोपाळे टांगले आहेत, कोणीही बसावं असे. पोरगी आणि मी बसलो. एक म्हातारा गोरा आला, अंगात चांगला कोट. जागा भरपूर होती. तरी मी उठलो. तो बिचारा हातानेच बसा बसा म्हणत राहिला.

पोरगी म्हणाली, "बाबा, काहून उठले तुमी?"

पायाला मुंग्या आल्या, असं तिला सांगितलं.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकू? बॅगेत राहील. मुंग्या आल्या नव्हत्या, बा.