वन्संची कुलपं

४ मार्च
दुकानाला कुलूप लागलं. यांनीच लावलं, किल्ली खिशात टाकली. "बोटातून सुई आरपार गेली तुझ्या! आता पुरे शिलाई." डॉक्टरांचंही तेच — डोळ्यांची नस वाळत चाललीय, गेलेली नजर परत येत नाही. समोरचं थोडं दिसतं, कडा गेल्या. मी भांडले नाही. भांडायला हवं होतं.

५ मार्च
काही नाही. भांडी जरा जास्तच घासली.

९ मार्च
वन्सं राहायला आल्यात, त्यांच्या घरी रंगकाम चाललंय. ऑफिसात नकाशे काढतात, पण नाद भलताच — किल्लीशिवाय कुलपं उघडायची! डबाभर घेऊन आल्यात, सगळी स्वतः विकत घेतलेली. "दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, वहिनी. हा आमचा नियम." मनात म्हटलं, चोरसुद्धा इतकी तयारी करत नसेल.
जेवणं झाल्यावर एक माझ्या हातात दिलं. "डोळे मिटूनच करतात हे," एवढंच म्हणाल्या. बाकीचं मला कळलं. उठून पाणी प्यायले.

१० मार्च
आज वन्संनी कुलपाचं पोट समजावलं. आत एक फिरणारी नळी. तिच्यावर ओळीने पिना, प्रत्येक पिनेचे दोन तुकडे, वरून स्प्रिंग दाबतेय. किल्लीचे दाते प्रत्येक पिनेला हवं तेवढंच उचलतात. दोन तुकड्यांमधली फट नळीच्या कडेशी आली, की नळी मोकळी — फिरते! इतकी वर्षं किल्ली फिरवली, कधी विचारच केला नाही.
आपण किल्लीऐवजी एका पट्टीने नळीवर हलका दाब ठेवायचा, दुसऱ्या बारीक सळईने एकेक पिन उचलायची. जी अडतेय ती आधी. जागेवर बसली की बोटाला टक् असं कळतं.
मला काही कळलं नाही. नुसतं खुडखुडत बसले.

१३ मार्च
मी दाब फार देते म्हणे. "जोर लावला की सगळ्या पिना रुसून बसतात!" मग मशीनवरचं आठवलं — नवी पोर आली की कापड ओढते, शिलाई वाकडी जाते. ओढायचं नाही, नुसतं धरायचं. हेच मी किती जणींना शिकवलंय!
तसं धरलं. टक्. पुन्हा टक्. एक राहिली, हात घामेजला, सळई सुटली. पण टक् झालं होतं!

१६ मार्च
उघडलं!! मी ओरडले. हे आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले — काय पडलं म्हणून. वन्सं पोट धरून हसतायत.
आज पहिल्यांदा दिवसभर डोळ्यांची आठवण आली नाही.

२२ मार्च
वन्सं उद्या निघणार. विचारलं, "आपल्याच दुकानाचं कुलूप असेल तर?"
"दुकान कुणाच्या नावावर?"
"माझ्या."
"मग मला कशाला विचारता?" पट्टी आणि सळई माझ्या पदराला बांधून गेल्या झोपायला. इतकी वर्षं मी या बाईला आगाऊ म्हणत आले!

२५ मार्च
मी गेले दुकानावर. लोकांसमोर, भर सकाळी, दुकानाच्या पायरीवर बसून. शेजारचा चपलावाला म्हणाला, "ताई, किल्ली हरवली?" म्हटलं, "नाही हो, आहे घरी." तो बघतच राहिला. फार वेळ लागला. उघडलं.
आत तेलाचा वास. मशीनवरचं कापड काढलं, सुई हाताने चाचपली, नवा दोरा काही मला ओवता आला नसता. पण सुईत आधीचाच राहिला होता. उशीचा अभ्रा शिवला, कडेला बोट लावून. सरळ आलाय, नखाने तपासला.
दुपारी हे धावत आले. "किल्ली तर माझ्याकडे आहे!"
"हो. तुमच्याकडेच आहे."
आता चिडणार, असं वाटलं. हे स्टुलावर बसले. मग सुयांची डबी पुढे ओढली आणि एकेक सुई ओवून सुयांच्या छोट्या उशीत टोचत राहिले. शेवटी म्हणाले, "मला भीती वाटते गं." मलाही वाटते, म्हटलं.
माझ्या वाट्याला ही दोन भावंडं आली. अजून काय हवं!

८ एप्रिल
अभ्रे, पिशव्या. गिऱ्हाइकं परत यायला लागलीत. मजा आहे.

११ मे
हे अक्षर माझं नाही, यांचं आहे. परवा सकाळी उठले तर उजेडच नव्हता. मी सांगतेय, हे लिहितायत. मध्येच थांबून नाक ओढतायत — तेही लिहा म्हटलं.