शेवंडीच्या पिंजऱ्यांचा दिवा

३ जून
ग्रंथालयाच्या छताला माझा दिवा चढला! सात पिंजरे, सगळे म्हाताऱ्या क्लॅरी कोळ्याने आपल्या होडीसाठी विणलेले. समुद्रात शेवंडी — लॉब्स्टर — धरून धरून काळे पडलेले. तार नाही, खिळा नाही — वाकवलेल्या काठ्या आणि दोरीचे बांध. तळाची लोखंडी वजनंही तशीच ठेवली, म्हणजे वाऱ्याने हलत नाहीत. ग्रंथालयाच्या डेल्वीनबाई मला म्हणाल्या, "लेस, भिंतीवर अख्खं जाळं पसरलंय की!" ती सावली मी महिनाभर कागदावर आखली होती. कॉलेजचं तोंड न पाहता!

९ जून
इकडे जून म्हणजे ऐन हिवाळा; थंडी वाढली. हीटर दिवसभर चालू. क्लॅरी वर बघून म्हणाला, "वाळल्या की काठ्या आखडतात, पोरा, बांध सुटतो. आम्ही धक्क्यावरसुद्धा पिंजरे भिजवून ठेवतो. ह्यांना तार घाल."
तार घातली की सावलीत रेघ येते. आता ह्याच्याकडून दिवे शिकायचे? म्हटलं, मी बघतो, तू कुणाला बोलू नकोस.
"तुझं काम आहे. तूच बोल."

१४ जून
दिव्याखाली गालिच्यावर काठीच्या सालीचा तुकडा. उचलून खिशात टाकला.

१७ जून
आणखी दोन. शिडी लावून पाहिलं — मधल्या पिंजऱ्याचा बांध बोटभर ढिला. सोमवारी होबार्टहून डिझाइनच्या बक्षिसाची समिती दिवा बघायला येणार. ती पाहून जाऊ दे. मंगळवारी उतरवतो.

१८ जून
क्लॅरी आता रोज दिव्याखालच्या खुर्चीत. गोष्टी ऐकायला येणाऱ्या पोरांना तिथून हुसकतो — "चला, खिडकीकडे पळा! ही म्हाताऱ्याची जागा." मिरवतोय! पिंजरे विणले म्हणून दिवा ह्याचा?
मला पाहून हळूच म्हणाला, "डेल्वीनला सांगितलंस?"
"मंगळवारी."
"बरं. तोवर मला इथं ऊब मिळते."

२० जून
मधला पडला. समितीची माणसं दारातच होती. पोरं सगळी खिडकीपाशी — एकाला खरचटलंसुद्धा नाही. क्लॅरीला हेलिकॉप्टरने होबार्टला नेलं, शुद्ध नव्हती.
डेल्वीनबाई म्हणाल्या, "त्याला कितीदा म्हटलं, जरा दुसरीकडे बस. त्याचा एकच धोशा — 'लेसला तुझ्याशी काही बोलायचंय, तो बोलला की उठतो.'"