मरीनाच्या गळ्यातल्या मोहरा

ओलिंबोस, कार्पाथोस
१८ ऑगस्ट १९९४

प्रिय रिगोपुला,

आधी तुझी आणि मिनासची खुशाली विचारते. आमची विचारशील तर देवमातेची कृपा आहे. वारा नेहमीचाच, कपडे वाळत घातले की अर्धे डोंगरावर शोधावे लागतात. अंजिरं यंदा उदंड लागलीत. आपले पाद्री, पापा लेफ्तेरिस, तुला आशीर्वाद सांगतात आणि विचारतात की बाल्टिमोरच्या चर्चमध्ये लोक उपास खरंच पाळतात की नुसतं बोलतात.

फोन का केला नाहीस, असं म्हणशील. कॉफीच्या दुकानातल्या फोनवर मी बोलायला लागले की तू ओरडतेस, मग मी गप्प बसते, आणि दुकानातले सगळे ऐकत असतात. पत्रात तुला मधेच ओरडता येत नाही. म्हणून लिहितेय, आणि खूप लिहायचंय. अगं, तीन दिवस झाले तरी तेच डोळ्यांपुढे आहे. असा देवमातेचा सण मी जन्मात पाहिला नव्हता.

तर ऐक. सणाच्या आदल्या दिवशी दियाफानीच्या धक्क्यावर बोट लागली आणि बस भरून माणसं वर आली. सगळे अमेरिकेतले ग्रीक, आजोबा-पणजोबांचा देश बघायला निघालेले. आधी अथेन्सचा किल्ला, मग डेल्फी, मग रोड्स, आणि शेवटी आपण. त्यांच्यापुढे एक छत्रीवाली बाई. ऊन असो नसो, छत्री वर. तिने चौकात उभं राहून सांगितलं की इथे अजून सगळं जुन्यासारखंच चालतं. दुकानवाली फूला हळूच म्हणाली, "हिला सांगा कुणीतरी, माझा फ्रिज नवा आहे."

एका म्हाताऱ्याने बसमधून उतरल्या उतरल्या गुडघे टेकून जमिनीचं चुंबन घेतलं. डोळ्यांत पाणी. विचारलं तर त्याचे आजोबा निघाले क्रीटचे. "माती काय, सगळीकडे आपलीच," तो म्हणाला. फूला म्हणाली, "आपलीच आहे हो, पण इथे मी गाढव बांधते." दुसऱ्या एकाने माझा घागरा आणि बूट बघून विचारलं, "हे तुम्ही आमच्यासाठी घातलंय का?" मी म्हटलं, "नाही बाबा, भट्टीत पाव टाकायला घातलंय." त्याने तेवढ्यात तीन फोटो काढले.

तुझा तो कोंदोसही त्याच बोटीने आला. महिनाअखेर सही करून तू आईचं घर त्याला विकणार आणि तो तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढणार, हे तुझ्या मागच्या पत्रात वाचलं. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

नमनालाच घडाभर तेल चाललंय, कळतंय मला. मधे उठून बकरीला पाणी पाजून आले. आता लिहिते.

बसमधून सगळ्यात शेवटी एक मुलगी उतरली. उंच, पाठीवर निळी पिशवी. तिने छत्रीकडे बघितलंसुद्धा नाही. कुणाला वाट न विचारता चढण चढून सरळ आपल्या दारात आली आणि म्हणाली, "सेवास्ती मावशी?" बाकीचं ग्रीक मोडकंतोडकं, पण मावशी म्हणाली ती अगदी आपल्या गावच्या हेलात. कपाळ आईचं, हनुवटी आईची. माझ्या हातातली पिठाची परात खाली पडली.

तर रिगोपुला, तुझी लेक मरीना माझ्याकडे आहे. सहल रोड्सला संपते असं तिने तुला सांगितलं होतं. पोरीवर डाफरू नकोस. दियाफानीला मावशीकडे लोकर पोचवायला जाते म्हणून सांगून मिनासला कोण भेटायचं, ते तिला मी अजून सांगितलेलं नाही.

रात्रभर आईच्या त्या उंच माच्यावर झोपली, आणि मी खाली माझ्या नेहमीच्या जागी. सकाळी मला लवकर चर्चच्या स्वयंपाकघरात जायचं होतं, गावजेवणाचे बटाटे सोलायला. जाताना मी आईची पेटी उघडून दिली. म्हटलं, "आजीच्या वस्तू बघ, हवं ते घालून बघ, मग खाली ये जेवायला." इतकंच म्हटलं मी, देवाशपथ.

आता काय झालं बघ. छत्रीवाल्या बाईने आदल्या दिवशीच सांगितलं होतं की फूलाच्या दुकानात गावचे कपडे घालून फोटो काढता येतात. सगळी बस नटली. तो क्रीटवाला आजोबाही डोक्याला रुमाल बांधून बसला होता. मरीनाला वाटलं, तसंच काहीतरी. दुपारी, पहिली पंगत उरकून चौकात नुकता नाच सुरू झाला होता, आणि ही चढणीवरून खाली आली. आईचा रेशमी घागरा, आईचा सदरा, रुमाल उलटा बांधलेला, पायात ते पांढरे पळायचे बूट. आणि गळ्यात छातीभर मोहरांची माळ. आईची माळ. हातात कॅमेरा, मैत्रिणीला शोधत होती.

लिरा वाजायची थांबली. याकोवोसने गज वरच्या वर धरला. तुला माहीत आहे ना, आपल्याकडे माणसं एक वेळ नातवंडाला ओळखणार नाहीत, पण कुठल्या घरची माळ ते लांबून ओळखतात. तो आपला गाणारा फिलिप्पास उठला. आता ऐंशीच्या पुढे आहे, काठीशिवाय चालत नाही. काठी खुर्चीला टेकवून तो तिच्यासमोर गेला.

"कुणाची गं तू?"

"रिगोपुलाची," ती म्हणाली. "मरीना."

त्याने तिचा हात धरला आणि नाचाच्या ओळीत नेऊन बायकांच्या सगळ्यात पुढे उभी केली. मी कढईवर झारा धरून उभी. ओरडावंसं वाटलं, अरे थांबा, तिला ठाऊक नाही. आणि ओरडावंसं वाटेनाही. मग फिलिप्पासने गायला घेतलं. आवाज चिरकला आहे आता त्याचा, पण शब्द अजून तिथल्या तिथे जुळवतो:

दार होतं बंद, किल्ली समुद्रापार गेली,
आज नातीच्या पावलांनी घराला जाग आली.

टेबलाभोवतीचे पुरुष रडायला लागले. मग एकामागून एक, ज्याला सुचेल त्याने गायलं. आईवर गायले, तुझ्यावर गायले, मिनासवरसुद्धा एक झालं, ते चावट होतं, लिहीत नाही. पाहुण्यांना वाटलं कुणीतरी गेलं. क्रीटवाल्याने डोक्याचा रुमाल काढला. मरीना बिचारी पावलं चुकत, शेजारणीच्या पायांकडे बघत नाचत होती, आणि हसत होती, कारण तिला वाटत होतं पाहुण्यांचं स्वागत असंच करतात.

आणि मग फिलिप्पास माझ्याकडे वळला. रिगोपुला, माझ्यावर या चौकात कधी कुणी गायलेलं नाही. धाकटीवर कोण गातं?

दिव्याचं कौतुक सारे, तेलाला कोण विचारी,
सेवास्तीविना हे घर असतं कधीचं अंधारी.

मी झारा ठेवला आणि चर्चच्या मागे जाऊन ढसाढसा रडले. मग तोंड धुऊन आले आणि उरलेले बटाटे वाढले. लोक उपाशी थोडेच ठेवायचे.

मरीना तिथेच मला शोधत आली. म्हणाली, "मावशी, सगळे मला मिठ्या का मारताहेत? आणि त्या काळ्या रुमालवाल्या बाईने मला तिच्या मुलाचं वय का सांगितलं?"

काळ्या रुमालाची म्हणजे अर्खोंदूला. मुलगा बस चालवतो. संध्याकाळपर्यंत आणखी दोन आया बाकलावाचं ताट घेऊन दारात येऊन गेल्या, त्यातल्या एकीचा मुलगा अजून सैन्यात आहे.

मग मी तिला सांगितलं. की आपल्या गावात पहिल्या मुलीला आजीचं नाव, आणि आईचं घर, आईचं शेत, मोहरा, सगळं तिचं. ती माळ घालून चौकात नाचायला उभी राहिली, म्हणजे तिने गावाला सांगितलं, घर मी घेतलं, आता नवरा बघा.

"पण मी फोटोसाठी घातली होती."

"ते आता चौकात कुणाला सांगणार तू?"

तिने मोहरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि धाकट्या मुलीला काय?"

मी म्हटलं, "धाकटीला बहीण."

"आणि बहीण बाल्टिमोरला गेली तर?"

मी झारा उचलला आणि पुढचं ताट वाढलं.

आता कोंदोस. तो आमच्या पुढ्यात आला, तोंड लाल. म्हणाला, "हा काय तमाशा आहे? ते घर मी घेतलंय." मरीनाने माझ्याकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं, तू तिला सांगितलं नव्हतंस. फिलिप्पास मागून काठी टेकत आला. म्हणाला, "मालकीण ही उभी आहे. हिला विचारा." कोंदोस म्हणाला, "कागदावर हिची आई आहे." फिलिप्पास म्हणाला, "मग कागदात राहायला जा. इथे छप्पर गळलं की मातीचा थर द्यायला गावातली माणसं लागतात, आणि ती कुणाच्या हाकेला जातात ते मला ठाऊक आहे." कोंदोस खाली दियाफानीला जाऊन बसलाय. तुला फोन करणार म्हणाला. माझं पत्र पोचेपर्यंत केलाही असेल. त्याची बाजू त्याने सांगितली, आता माझी ऐक.

दुसऱ्या दिवशी बस गेली. छत्रीवाल्या बाईने माणसं मोजली, एक कमी भरलं. मरीना दारात उभी राहून म्हणाली, "मी नाही येत." बाईने बराच वाद घातला, शेवटी तिच्याकडून सही घेतली आणि गेली. पोरगी धडधाकट आहे, खातेय, कालपासून भट्टीवर पाव थापायला शिकतेय आणि तुझ्यासारखीच कड जाड ठेवते.

तिने काय ठरवलंय ते आता खुर्चीवर बसून वाच. ती म्हणते, घर विकायचं नाही. आणि ती म्हणते, घर तिलाही नको. "मावशीच्या नावावर करा. मी दर उन्हाळ्यात येईन." पापा लेफ्तेरिसांना विचारायला गेली. ते म्हणाले, पहिल्या मुलीचं घर धाकटीकडे गेल्याचं या गावात कधी झालं नाही. फिलिप्पास तिथेच बसला होता. तो म्हणाला, "पहिल्या मुली विमानाने निघून जातात, हे तरी कुठे झालं होतं."

मी तिला म्हटलं, वेडी की काय तू, मला काय करायचंय घर. आणि आत जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते, हे उशिरा लक्षात आलं.

रिगोपुला, मी तिच्याशी खोटं बोलले. मला हे घर हवंय.

लिहिलं एकदाचं. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि मी तिच्याच मांडीला मांडी लावून इतकी वर्षं बसले. आई गेली तेव्हा बोलले नाही. तुझं पत्र आलं तेव्हा बोलले नाही. तू विकलंस तर अव्लोनाला बाबांच्या शेतातली खोपी आहे, तिथे जाईन, मरणार नाही. पण मला तिथे जायचं नाहीये. भिंतीवरची ताटं मी पुसलीत. आईला शेवटी त्या माच्यावर मी चढवायचे आणि मीच उतरवायचे. मला एकटीला झोपवतेस काय, म्हणत ती मला नखं मारायची, आणि झोपेत तुझं नाव घ्यायची.

त्या घराने तुला काय केलं, ते मला माहीत आहे. मिनासशी लग्न करू द्यायचं नाही म्हणून आईने तुला दाराआड कोंडून ठेवलं, आणि तू जाताना माळ टेबलावर काढून ठेवलीस. म्हणालीस, टोचते. खरंच टोचत असेल. मला कधी कळलं नाही, मला कधी कुणी घातलीच नव्हती.

काल मरीनाने माझ्या गळ्यात घातली, आरशासमोर. मी लगेच काढली. नाही, लगेच नाही काढली.

तू सही करू नकोस. आणि राग आला असेल तर फोनवर ओरडू नकोस, इथे ये आणि समोर उभी राहून ओरड. मला तुझा आवाज जवळून ऐकायचाय. तुझी लेक तुझ्यासाठी उलटा रुमाल बांधून धक्क्यावर येईल, सुलटा बांधायला ती काही शिकत नाही. आणि आलीस तर माच्यावर आपण दोघी झोपू, जागा पुष्कळ आहे, मी मोजून बघितलं.

प्रत्येक पत्राच्या शेवटी मी 'तू म्हणशील तसं' असं लिहीत आले. या वेळी ते लिहीत नाही.

तुझी बहीण,
सेवास्ती