चिखलाचं वजन

४ मार्च
स्वतःच्या हातांनी केलेलं: क्लबच्या लाँड्रीतलं वाळवणीचं कपाट. दोन पिंपांचं धुलाई मशीन (मोटर तेवढी विकतची). आणि आजपासून हा तराजू. अर्धा ग्रॅमसुद्धा पकडतो. कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता.
मॅचच्या जर्सी धुण्याआधी तोलल्या. तोलण्याआधी वाळवल्या, घामाचं श्रेय फुकट कुणाला द्यायचं नाही. चार डिफेंडरांवर मिळून चिखल अकरा ग्रॅम. गोलकीपरवर, म्हणजे आमच्या जावयावर, एकट्यावर दोनशे चाळीस.
उघड आहे. डिफेन्स इतका पक्का की कुणाला लोळावं लागत नाही. जावई हौसेनं लोळतो.

११ मार्च
एक-शून्य जिंकलो. डिफेंडर नऊ ग्रॅम, जावई तीनशे दहा. पेपरात त्याचा फोटो, हवेत आडवा. बायको म्हणाली, जरा कौतुक करा. म्हटलं, साबण कुणाचा जातो?

१५ मार्च
मुलगी आली होती. सातवा महिना. नवऱ्याचा करार संपतोय, बाबा, अध्यक्षांच्या कानावर चार शब्द घाला म्हणाली. म्हटलं, शब्द कशाला, आकडेच घालतो. खूश झाली.

१६ मार्च, दुपारी
घातले. अध्यक्षांना पगार कमी करायचेच होते. म्हणाले, सासराच सांगतोय म्हटल्यावर विषय संपला. खुर्ची दिली. चहा दिला.

१७ मार्च
जावयाला काढलं. संध्याकाळी घरी आला. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, बाबा, तुम्ही आमची एक तरी मॅच बघितलीत का?
मॅचच्या वेळी मी लाँड्रीत असतो. शिवाय मॅच बघून मत बिघडतं.

२५ मार्च
नवा गोलकीपर. जर्सीवर सहा ग्रॅम! पठ्ठ्या एकदाही पडला नाही. नुसती खंगाळून वाळत घातली.
शून्य-सात हरलो. पुढे खेळणाऱ्यांनी आठ गोल करायला काय हरकत होती?

१ एप्रिल
चार ग्रॅम. विक्रम. (शून्य-नऊ.)
जावयाला दुसऱ्या गावच्या क्लबनं घेतलं. मुलगी गेली. बाळंतपणासाठी म्हणून बायकोही गेली. कपडे जरा जास्तच नेले.

२९ मे
फोन वाजत नाही. स्क्रू काढून पूर्ण उघडला. बिघाड सापडला नाही.

१२ जून
जावयाच्या क्लबचे सेक्रेटरी मुद्दाम भेटायला आले. मला नातू झालाय, हे त्यांच्याकडून कळलं. दिवसभर लोळतो म्हणे. बापावर गेला.
तराजू त्यांनी फार आदरानं पाहिला. मग खालच्या आवाजात विचारलं, पुढचा सीझनभर ही नोकरी सोडणार नाही ना? अध्यक्षांना असाच सल्ला देत राहा, आमच्याकडून मोबदला घ्या.
मी विकाऊ नाही. ताडकन सांगितलं, सल्ला मी आमच्या क्लबला फुकट देतो आणि जन्मभर देत राहीन. त्यांना इतकं भरून आलं की बराच वेळ हात सोडेनात.
नाकारलेली रक्कम: महिना बारा हजार.