शेवटचा भाग न पाहिलेल्यांसाठी

थोर लेखिका हेदरताई यांस,

टीव्हीवरच्या त्या अंतराळयानाच्या कॅप्टनवर तू इंटरनेटवर गोष्टी लिहितेस, म्हणून लेखिका म्हणायचं. नव्या गोष्टीत तू त्याला गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटून बुडायला लावलंस. मॅनिटोबात आपला भाऊ रसेल गेला, अगदी तसंच. हातमोजेसुद्धा रसेलचेच, लाल. वर सूचना मात्र एकच: 'मालिकेचा शेवटचा भाग पाहिला नसेल, तर पुढे वाचू नका.'

मालिकेतलं गुपित कळू नये, एवढी तुला काळजी. बुडण्याबद्दलही एक ओळ टाक म्हटलं, तर म्हणालीस, "अगं, धक्का बसायलाच हवा. वाचक काय कुक्कुली बाळं आहेत?" लोकांनी खाली रडके चेहरे टाकले, तेव्हा तर आणखीच फुगलीस.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू याचीही गोष्ट करशील.

काल आईने टॅब्लेट मागितला. तुझी एकही गोष्ट ती सोडत नाही. मी म्हटलं, "आई, यात बर्फ फुटतो." तिने टॅब्लेट पालथा ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले.

एवढंच असतं ते. तीन शब्द. इतकी मोठी लेखिका तू, तुला तेवढे जमले नाहीत.

तुझी अडाणी बहीण,
नोरीन